आदर्श विवाह आणि अंतिम सामना

धुळे,
२२ डिसेंबर १९८७

आदरणीय देवचंद गुरुजी,
सप्रेम जयभीम.

साखरपुडा आटोपून आम्ही सुखरूप घरी पोहोचलो. आमच्या करुणाने वाटेत आपल्या घराचं इतकं कौतुक केलं की तिच्या आईला थोडा रागच आला. चि. सुगत मला मनापासून आवडले. बँकेत नोकरी करूनही हसतात, हे विशेष.

आता तारखेचं. आमच्या शेजारी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढण्याचं काम दिवाळीपासून चालू आहे. पंचांगं फाटायला आली, तरी तारीख निघत नाही. आपल्याला ती कटकट नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला त्याच दिवशी घरातलं पंचांग बंबात घातलं आणि त्या पाण्याने अंघोळ केली. तेव्हापासून आमच्या घरात चांगला दिवस म्हणजे सुट्टीचा दिवस.

मी रविवार, १४ फेब्रुवारी सुचवतो. सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आहे. जिल्हा परिषदेतलं आमचं वर्षअखेरीचं काम मार्चात असतं. थंडी सरलेली असेल, ऊन चढलेलं नसेल. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या दिवशी जगात दुसरी कुठलीही अडचण येणं शक्य नाही.

आपला व्याही,
रुपचंद बैसाणे


मेहरूण, जळगाव,
२८ डिसेंबर १९८७

प्रिय रुपचंदभाऊ,
जयभीम.

तारीख पसंत. आता ती काळ्या दगडावरची रेघ समजावी. मी मुख्याध्यापक असताना शाळेचं स्नेहसंमेलनही कधी पुढे ढकललं नाही, हे तर लग्न आहे.

बायकांच्या आग्रहाने पुढचं ठरवतो. १७ जानेवारीला, रविवारी, बस्ता जळगावला. आपल्याकडची मंडळी सकाळीच यावीत, कारण आमच्या लिलाबाई साडी पसंत करायला बसल्या की दुकानदाराचं जेवण चुकतं. हळद १३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आपल्याकडे धुळ्याला, आणि १४ ला दुपारी साडेबाराला तिथेच लग्न. बँड आम्ही आणू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सुगतचं मागचं एक स्थळ मी साखरपुड्याच्या बैठकीतूनच मोडलं. मुलीचे वडील बोलणी चालू असताना तीनदा उठून आत गेले. मला वाटलं पोट बिघडलं असेल. पाहतो तर रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकत होते. खेळापायी घर विसरणारा माणूस मला व्याही म्हणून चालणार नाही. आपल्याकडे पाहिल्याबरोबर मला खात्री पटली की हा प्रकार इथे नाही.

आपला,
देवचंद सुरवाडे


धुळे,
११ जानेवारी १९८८

दोस्त तोताराम,

केळीच्या बागेत असशील तर खाली बस आणि मग वाच. आपला पांझरा बास्केटबॉल क्लब बाद फेरीत गेला.

होय, तोच. ज्याचा सेंटर म्हणून तू पाच वर्षं हरलास आणि मग चोपड्याला शेती करायला निघून गेलास, आणि ज्याचा प्रेक्षक म्हणून मी वीस वर्षं न चुकता हरतो आहे. खानदेश करंडकाच्या साखळीत आपण नेहमीप्रमाणे तळाला होतो. शेवटच्या दिवशी समोरच्या संघाची जीप नरडाण्याजवळ बंद पडली, पोरं वेळेवर पोहोचली नाहीत आणि सामना आपल्याला बहाल झाला. आणखी दोन संघ एकमेकांशी मारामारी करून बाद झाले. असे आपण वर आलो. कसे आलो हे विचारू नकोस, आलो.

त्या दिवशी माझा तपकिरी स्वेटर चुकून उलटा घातला गेला होता. आता तो तसाच घालणार आहे, धुणारही नाही. हसू नकोस. ही अंधश्रद्धा नाही, हा प्रयोग आहे.

आता खरं संकट ऐक. उपांत्यपूर्व सामना धुळ्यात, आपल्याच मैदानावर, १७ तारखेला. आणि त्याच दिवशी करुणाच्या लग्नाचा बस्ता जळगावला. व्याही असे की खेळाचं नाव काढलं तर सोयरीक मोडतील, त्यांनी तसं लेखी कळवलं आहे. करुणाला तो मुलगा फार आवडला आहे, आणि मलाही. काय करू? उत्तराची वाट बघायला वेळ नाही, म्हणून मीच काहीतरी करतो.

तुझा,
रुप्या


धुळे,
१२ जानेवारी १९८८

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

काल विहारात बसलो असता मनात एक विचार आला आणि झोप उडाली.

बस्ता म्हणजे काय हो? दोन्ही घरची वीस-पंचवीस माणसं दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून साड्यांचे ढीग उपसतात. कुणाच्या आत्याला जरीचा काठ कमी पडतो, कुणाच्या मामाला टोपी लहान होते, आणि लग्नाआधीच दोन घरांत अबोला सुरू होतो. आपली मुलगी तर पांढऱ्या साध्या साडीत त्रिसरण-पंचशील म्हणणार. मग हा ढीग कशासाठी? आपण शिकलेली माणसं. आपणच ही प्रथा मोडली नाही तर कोण मोडणार?

म्हणून माझी नम्र सूचना: बस्ता रद्द. ज्याने त्याने घरात असलेले धुतलेले कपडे घालावेत. तेव्हा १७ तारखेला जळगावला येण्याचा प्रश्न उरत नाही. तो दिवस मी चिंतनात घालवीन.

आपला,
रुपचंद


मेहरूण,
१५ जानेवारी १९८८

प्रिय रुपचंदभाऊ,

आपलं पत्र मी उभ्याने वाचलं. आमच्या समाज मंडळाच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा एक वृद्ध सभासद डोळे पुसत म्हणाले की असा माणूस धुळ्यात आहे आणि आपल्याला माहीत नव्हता. बस्ता रद्द.

लिलाबाई दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. प्रत्येक सुधारणेला पहिला विरोध घरातूनच होतो, हे आपण अनुभवलं असेलच.

१७ ला सकाळपासून मीही थोडं चिंतन करणार आहे.

देवचंद


धुळे,
१८ जानेवारी १९८८

तोत्या, जिंकलो!

खरोखर खेळून जिंकलो. जीप नाही, मारामारी नाही. समोर मोठा संघ, पायांत सारखे बूट, प्रत्येकाकडे स्वतःचा टॉवेल. आपल्याकडे लोटन, जो बाजारात पोती उचलतो आणि प्रत्येक दारातून वाकून जातो, आणि वना, जो माझ्या खांद्याला लागतो आणि चेंडू मिळाला की मारवाड्याने पेटी धरावी तसा पोटाशी धरतो. पहिल्या अर्ध्यात नेहमीसारखे मागे होतो. मग त्या बूटवाल्यांची एकही बास्केट पडेना. चेंडू रिंगवर आपटायचा, फिरायचा आणि बाहेर. लोटन खाली उभा राहून आंबे गोळा करावेत तसे रिबाउंड गोळा करत होता. मागून कोणीतरी ओरडत होतं, "अरे टाक ना रे वना, काय देखी राहिना!" आणि वनाने टाकला, आणि पडला.

शेवटची शिटी झाली आणि मला काही सुचेना. हरल्यावर काय करायचं ते मला पाठ आहे. चपला शोधायच्या, कोपऱ्यावर चहा घ्यायचा, पुढच्या वर्षी बघू म्हणायचं. जिंकल्यावर लोक काय करतात? मी चहाच घेतला, पण तो गोड लागला. रडलोही थोडा. चहावाला म्हणाला, "कोनी गया का?" मी म्हटलं, नाही, कोणीतरी आलं.

घरी गेलो तर मंदा चुलीसमोर बसलेली. "पोरनं लगीन शे का शोकसभा?" एवढंच म्हणाली आणि भाकरी अशी थापली की मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. करुणाने फक्त विचारलं, "किती गुणांनी?"

आता मोठं संकट. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने जळगावला. मधे जवळजवळ महिना जाणार आहे कारण संयोजकांना अजून वर्गणी जमवायची आहे. उपांत्य १३ फेब्रुवारीला संध्याकाळी. म्हणजे हळद. अंतिम १४ ला दुपारी चार वाजता. म्हणजे लग्न. ज्या तारखेला जगात दुसरी अडचण येणं शक्य नाही असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, तीच तारीख.

रुप्या


चोपडा,
२३ जानेवारी १९८८

रुप्या,

आधी अभिनंदन. बागेत पत्र वाचलं आणि असा ओरडलो की केळी उतरवणारे मजूर पळत आले, त्यांना वाटलं पान लागलं, साप चावला.

आता ऐक. खरं सांगून टाक. व्याही चिडतील, चार दिवसांनी निवळतील. तू तत्त्वज्ञान झाडत राहिलास तर गोत्यात येशील. तू लहानपणापासून गोष्ट सरळ सांगत नाहीस. चेंडू तुझ्याकडे आला की तू तो पास करतोस आणि मग पंचाकडे बघतोस.

आणि पोरीचं काय? एकुलती एक पोर तुझी. साडी गेली, आता हळदही घालवणार? मंदावहिनीला तोंड दाखवशील का?

जे करशील ते कर, पण १३ आणि १४ ला मी जळगावला येतो आहे. लग्नालाही येईन, सामन्यालाही.

तोताराम


धुळे,
२६ जानेवारी १९८८

आदरणीय गुरुजी,
प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा आणि जयभीम.

आज कचेरीत झेंडावंदन चालू असताना मी समतेचा विचार करत होतो. नेहमी मुलीच्या दारीच लग्न का? मुलीच्या बापानेच का मांडव घालावा आणि मुलाकडच्यांनी का मिरवत यावं? समता ती हीच का? माझं मन मला खाऊ लागलं. तेव्हा लग्न आपण जळगावला करू. आम्ही मुलीकडचे १३ लाच जळगावी येऊन राहतो.

हळद तर आपल्या धम्मात नाहीच, आपण ती नुसती मागच्या घरून ओढत आणली. रद्द. वरात आणि बँड यांनी रस्त्यावरच्या आजारी माणसांना त्रास होतो. रद्द. पंगतीत अन्न वाया जातं, म्हणून लाडू-चिवडा आणि चहा. आणि साडेबाराऐवजी सकाळी दहाची वेळ ठेवू. सकाळी मन शुद्ध असतं. बारापर्यंत सगळं आटोपून पाहुणे आपापल्या उद्योगाला मोकळे झाले पाहिजेत. ही शेवटची गोष्ट मला तत्त्व म्हणून फार महत्त्वाची वाटते.

आपला,
रुपचंद


मेहरूण,
१ फेब्रुवारी १९८८

प्रिय आणि वंदनीय रुपचंदभाऊ,

मी तीस वर्षं फळ्यावर समता लिहिली, आपण ती करून दाखवलीत. सगळं मान्य. सगळं. लिलाबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या आहेत, लग्नापर्यंत येतील.

मंडळाने ठराव केला आहे की हा जिल्ह्यातला आदर्श विवाह म्हणून जाहीर व्हावा. सुगतच्या बहिणीचं लग्नही याच पद्धतीने करायचं मी घरात सांगून टाकलं. ती खोलीचं दार लावून बसली आहे, चिंतन करत असावी.

आणि आता एक आनंदाची बातमी. आपण पाहुण्यांना बारा वाजता मोकळं करण्याचा जो आग्रह धरलात, त्यामागची दूरदृष्टी आमच्या ध्यानात आली. त्यामुळे दुपार रिकामी मिळते. त्याच दिवशी दुपारी साडेतीन वाजता शाळेच्या सभागृहात आपला जाहीर सत्कार ठेवला आहे. शाल, सन्मानचिन्ह, सहा वक्ते आणि शेवटी आपलं भाषण. पत्रकं छापून वाटलीही.

देवचंद


धुळे,
४ फेब्रुवारी १९८८

आदरणीय गुरुजी,

पत्र वाचून मी गहिवरलो. पण सत्कार नको. सत्कार ही सरंजामी प्रथा आहे. माणसाने माणसाच्या गळ्यात हार घालणं हे समतेच्या मुळावर येतं. शिवाय त्या दिवशी साडेतीन वाजता माझी पाठ दुखते. कृपा करून रद्द करावा, हात जोडून विनंती.

रुपचंद


मेहरूण,
८ फेब्रुवारी १९८८

रुपचंदभाऊ,

आपलं सत्कार नाकारणारं पत्र मंडळात वाचलं. टाळ्या थांबेनात. नम्रता पाहून आणखी तिघांनी बोलायची इच्छा दाखवली, म्हणून वक्ते आता नऊ. पाठीसाठी उशीची खुर्ची ठेवली आहे.

देवचंद


चोपडा,
१७ फेब्रुवारी १९८८

रुप्या,

तुझ्यामुळे माझ्या घरात एक शाल आली आहे. म्हशीच्या रेडकाला पांघरली.

१३ ची संध्याकाळ मी विसरणार नाही, म्हणून आधी तेवढं लिहितो. उपांत्य सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाला त्यांच्या कोण्या पुढाऱ्याने दुपारी शेतात भरीत-पुरीची पार्टी दिली. खुशीत. विजयाची आगाऊ. पोरं हात आखडतील तर शपथ. संध्याकाळी ती मैदानावर आली तेव्हा त्यांना खाली वाकता येत नव्हतं. लोटन त्यांच्यामधून असा चालत गेला जसा रिकाम्या बाजारातून जातो. आणि तू, मुलीचा बाप, दुसऱ्या दिवशी लग्न, कोटाच्या आत तो उलटा वासाचा स्वेटर, माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होतास. वीस वर्षांत तुला इतका सुखी पाहिला नव्हता. खरं सांगतो, त्या संध्याकाळपुरतं मला वाटलं, हा खोटं बोलला ते बरंच झालं.

मग रविवार. लग्न छान झालं, अर्ध्या तासात झालं. चिवडा खारट होता. आणि मग साडेतीन. मी सभागृहाच्या दारातूनच सटकणार होतो. तुझ्या व्याह्यांनी माझा हात धरला. "चोपड्याचे प्रगतिशील शेतकरी, ज्यांनी मैत्री जातीच्या पलीकडे नेली." व्यासपीठावर बसवलं. आपली मैत्री जातीच्या पलीकडे गेली ती रिबाउंडसाठी, हे मी कुणाला सांगणार होतो?

नऊ वक्ते. चौथा वक्ता हडप्पापासून सुरू झाला. खिडकीतून शेजारच्या मैदानावरचा ओरडा ऐकू येत होता आणि कोणाची बास्केट पडली ते कळत नव्हतं. मी तुझ्याकडे बघत होतो, तू खिडकीकडे. तू माइकसमोर उभा राहिलास, "हुंडा" एवढा एकच शब्द बोललास आणि बाहेर असा गदारोळ झाला की सभागृहानेही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं तुझ्यासाठीच. तू पुढचं भाषण विसरलास आणि रडलास, तर लोक उभे राहिले.

माझं वय झालं, रुप्या. पांझरा पुन्हा अंतिम सामन्यात जाईल तेव्हा मी असेन का? तुला माफ करायला मला केळीचा हा हंगाम तरी लागेल.

तोताराम


धुळे,
२१ फेब्रुवारी १९८८

प्रिय बाळ करुणा,
जयभीम.

तू कशी आहेस? सुगतराव कसे आहेत? आई तुझी आठवण काढते. माझ्याशी अजून ती फक्त मीठ-भाकरीपुरतं बोलते.

पांझरा जिंकला हे तुला कळलंच असेल. एका गुणाने. करंडक धुळ्यात आला. मी तो लांबून पाहिला. पेढ्यांच्या दुकानासमोर मांडव घातला होता. ज्यांनी कधी मैदानाकडे पायही वळवले नाहीत असे लोक पुढच्या खुर्च्यांवर होते. मी पुढे जायला लागलो तर बिल्ला लावलेल्या एका माणसाने अडवलं, "काका, ह्या जागा क्लबच्या जुन्या चाहत्यांसाठी राखीव आहेत. तुम्हालाही खेळात आवड आहे का?" मी म्हटलं, थोडी.

करुणा, मला कुणीच नीट सांगत नाही. धुळ्यातला प्रत्येक माणूस त्या दिवशी जळगावला होता म्हणतो. एवढे लोक तिथे गेले असते तर रस्ता खचला असता. एक म्हणतो लोटनने शेवटची बास्केट टाकली, दुसरा म्हणतो लोटन तेव्हा बाहेर बसला होता. वनाला विचारलं, तर तो म्हणाला, "मन्हे डोये मिटेल व्हतात," आणि हसला. वीस वर्षांत मी एकही सामना चुकवला नाही. पहिला चुकला तो हा.

तुझ्या आईने काल बोलता बोलता सांगितलं की तू त्या दुपारी सभागृहात नव्हतीस. कुठे होतीस ते ती सांगत नाही. बाळ, मला एक शंका येते. खरी असेल तर काय झालं ते लिही. सगळं लिही.

तुझे,
आबा


मेहरूण,
२७ फेब्रुवारी १९८८

प्रिय आबा,
सविनय जयभीम.

शंका खरी आहे. मी मैदानावर होते.

पण आधी दुसरं लिहिते, नाहीतर ते राहून जाईल. मला तुमचा राग आला होता आणि अजून आहे. मला हळद हवी होती. धम्मात असो नसो, मैत्रिणींनी तोंडाला फासायची, आईने ओरडायचं, तेवढी एक संध्याकाळ मला हवी होती. आईबरोबर दुकानात बसून पन्नास साड्या उलगडायच्या होत्या आणि एकही पसंत करायची नव्हती. तुम्हाला वाटलं मला कळत नाही. आबा, क्लबच्या फळ्यावर सामन्यांच्या तारखा लागतात आणि मी कॉलेजला त्याच रस्त्याने जात होते. तुम्हाला प्रत्येक सुधारणा नेमकी सामन्याच्याच तारखेपुरती सुचायची. माझी हळद तुम्ही उपांत्य फेरीला वाहिलीत.

मी बोलले का नाही? बोलले असते तर सासऱ्यांनी लग्न मोडलं असतं, आणि मला हे हवे होते. आणि दुसरं कारण लिहायला लाज वाटते. मलाही पांझरा जिंकायला हवा होता. मी सहा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला खांद्यावर बसवून हरताना दाखवलंत. सवय लागते.

आता ऐका.

आदर्श विवाहात नवरा-नवरीला काहीच काम नसतं. बारा वाजता सगळं संपलं. तीनला मोठी मंडळी तुमच्या सत्काराला गेली. आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. हे म्हणाले, "कुठे जायचं? तलावावर फिरायला?" मी म्हटलं, "मैदानावर." ह्यांनी कारण विचारलं नाही. सायकल काढली. मी लग्नाच्या पांढऱ्या साडीत मागे बसले. मैदानावर पोहोचलो तर लोकांना वाटलं बक्षीस द्यायला पाहुणीबाई आल्या. पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या.

पहिला अर्धा नेहमीसारखा. आपण अकरा गुणांनी मागे. वना टाकतो ते सगळं उजवीकडे जातं. लोटन चिडून फाउलवर फाउल करतो. मी ह्यांना सांगितलं, आपण हरणार, जाताना चहा घेऊ. मग हाफ टाइमला मंत्र्यांचे कोणी पाहुणे आले. संयोजकांनी त्यांच्या स्वागताचा भला मोठा फलक आणला आणि बांधायला दुसरी जागा नव्हती म्हणून बोर्डाच्या मागून दोर घेऊन रिंगलाच बांधला. भाषण झालं, फोटो निघाले, फलक काढला, तर रिंग डावीकडे झुकलेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या आलं असतं. आबा, आपल्या धुळ्याच्या मैदानावरची रिंग डावीकडेच कललेली आहे. पोरं लोंबकळून लोंबकळून ती तशी झाली आणि क्लबकडे कधी नवी आणायची ऐपत आली नाही. आपली सगळी पोरं वाकड्या रिंगवरच शिकली. दुसऱ्या अर्ध्यात पांझऱ्याला नेमकं त्याच बाजूला टाकायचं होतं. वनाने पहिला टाकला आणि सरळ आत. दुसरा, आत. वनाचं तोंड असं झालं जसं परक्या गावात कोणी अहिराणी बोललं. माझ्या ध्यानात आलं आणि मी हसायला लागले. हे विचारू लागले काय झालं, मला सांगता येईना.

शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणाने मागे होतो. लोटनचे पाच फाउल होऊन तो बाहेर बसला होता, डोक्यावर टॉवेल घेऊन, बघवत नव्हतं म्हणून. तेव्हा ज्यांनी तुम्हाला लोटन सांगितला ते तिथे नव्हते. चेंडू वनाकडे आला. त्याने तो पोटाशी धरला. मैदान ओरडत होतं टाक, आणि त्याच्यासमोर दोन उंच पोरं हात वर करून उभी. तो मागे सरकत सरकत कोपऱ्यात गेला, अगदी रेषेवर, आणि तिथून दोन्ही हातांनी, लहान पोरं विहिरीत दगड टाकतात तसा, खालून फेकला. त्याचे डोळे मिटलेले होते हे खरं आहे, मी पाहिलं. चेंडू बोर्डाच्या कडेला लागला, रिंगवर चढला, एक फेरी मारली आणि त्या झुकलेल्या बाजूने आत पडला.

सासरे अजून रोज रात्री जेवताना तुमच्या त्या एका शब्दाच्या भाषणाबद्दल बोलतात. तुमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे, दर रविवारी बैठक. माझ्या नणंदेने तुमचं नाव टाकलं आहे. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. ह्यांना कळलं असावं.

कारण चेंडू पडला तेव्हा मी खुर्चीवर उभी राहिले होते आणि "आबा! आबा!" म्हणून ओरडत होते. हे दचकून मागे वळले, गर्दीत शोधू लागले आणि म्हणाले, "कुठे आहेत? आले का ते?"

"नाही," मी म्हटलं, "ते तिकडे समाज सुधारताहेत."

तुमची,
करुणा